तीन वर्षांनी पहिलीत कोण बसणार?

प्रश्न : बाई, नमस्कार. वाळपईपासून आत असलेल्या एका गावात सरकारी प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीची मी अध्यक्ष आहे. माझी मुलगी तिसरीत. शाळेत सगळी मिळून २२ मुलं : पहिलीत ४, दुसरीत ६, तिसरीत ५ आणि चौथीत ७. शाळेचा तीन वर्षांचा विकास आराखडा करायचा म्हणून टीचरनी आणि मी दोनदा सभा बोलावली. पहिल्या सभेला सहा जण आले. दुसरीला चार, त्यांतलेही दोघे रेशनकार्डाचं काम आहे असं समजून आलेले. माझा भाऊ न्यू जर्सीत असतो. त्यांच्याकडे शाळांचं पुढच्या काही वर्षांचं नियोजन निघालं की घरोघर पत्रं येतात आणि लोक संध्याकाळी सभेला जाऊन तावातावाने भांडतात म्हणे. आमच्या गावात जत्रेच्या हिशेबाला माणसं रात्री बारापर्यंत बसतात, पण शाळेकडे कोणी फिरकत नाही. काय करावं?
– एक पालक, सत्तरी, गोवा

उत्तर : ताई, रेशनकार्डवाल्या दोघांना चहा देऊन बसवून घेतलंत की नाही, ते तुम्ही लिहिलं नाही. मी असते तर सोडलं नसतं.

आधी भावाचं बोलणं निकालात काढू, नाहीतर ते डोक्यात घोळत राहील. अमेरिकेत शाळांचा 'डिस्ट्रिक्ट' म्हणजे आपल्यासारखा महसुली जिल्हा नव्हे. बहुतेक ठिकाणी ती शाळांपुरती वेगळी स्थानिक संस्था असते, तिचं मंडळ लोक मतदानाने निवडतात आणि खर्चाचा मोठा वाटा तिथल्याच लोकांच्या घरपट्टीतून येतो. न्यू जर्सीत तर २००० सालच्या कायद्याने प्रत्येक डिस्ट्रिक्टला इमारतींचा दीर्घ मुदतीचा आराखडा करावा लागतो आणि दर पाच वर्षांनी तो नव्याने द्यावा लागतो. नव्या वर्गखोल्या म्हणजे घरपट्टीत वाढ, एवढं सरळ गणित. खिशाला हात लागला की माणूस सभेला जातोच, आणि भांडतोही. आपल्याकडे शिक्षकाची नेमणूक, बदली, इमारतीचा पैसा सगळं सरकारकडून, पर्वरीहून येतं. गावाला वाटतं, सरकारची शाळा आहे, सरकार बघेल. लोकांना आस्था नाही असं नाही. आपल्या हातात काही आहे असं त्यांना वाटतच नाही.

आणि जत्रेचं तुम्ही स्वतःच लिहिलंत. जत्रेच्या बैठकीत कोणी 'आपल्या मौल्यवान सूचना द्याव्यात' असं म्हणतं का? एका वाड्याकडे मांडव, दुसऱ्याकडे महाप्रसाद, तिसरा वर्गणीची वही घेऊन फिरतो. ज्याच्याकडे काम असतं तो येतो, कारण हिशेब त्याला द्यायचा असतो. तुमच्या सभेच्या नोटिशीत काय लिहिलं होतं ते मी न वाचता सांगते : 'आराखड्याबाबत चर्चा.' चर्चेला कोण येणार? दिवसभर पिसुर्लेच्या औद्योगिक वसाहतीत राबून आलेला माणूस चर्चेसाठी चप्पल घालत नाही.

माझीच एक चूक सांगते, म्हणजे मी उंटावरून शेळ्या हाकते असं वाटायला नको. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तेव्हा मी खाणपट्ट्यातल्या एका शाळेत मुख्याध्यापिका होते. आराखडा द्यायचा होता. मी तो एका रात्रीत एकटीने लिहिला. हजेरीपटावर मागच्या तीन वर्षांत दरवर्षी पाच-सहा मुलं वाढलेली दिसत होती, म्हणून पुढच्या तीन वर्षांत पंधरा-सोळा वाढतील असं धरलं आणि एक जादा खोली मागितली. मग समितीच्या सभासदांच्या घरी जाऊन सह्या घेतल्या. तेव्हा बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचं काम चालू होतं. एक ट्रकवाले पालक सही करता करता म्हणाले, "बाई, मुलं कुठली वाढतायत? माझा डायव्हर गेल्या महिन्यात बायको-मुलांसकट बेळगावला परत गेला." मी हसून कागद पुढे सरकवला. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. खोली मंजूर झाली, बांधूनही झाली, तोवर पट निम्म्यावर आला होता. आज त्या खोलीत मोडके बाक आहेत. त्या माणसाला माझ्या हजेरीपटापेक्षा जास्त ठाऊक होतं, आणि मी त्याच्याकडून फक्त सही घेतली.

कायदा काय म्हणतो तेही बघून ठेवा, कारण अध्यक्ष म्हणून तुम्हाला कोणीतरी विचारणारच. कलम २१ प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण सभासदांत निम्म्या महिला हव्यात. म्हणजे समिती बारा जणांची असेल तर नऊ पालक आणि सहा बायका. कलम २२ प्रमाणे आराखडा करायचा तो समितीने, टीचरनी नव्हे. केंद्राच्या नियमांत तो तीन वर्षांचा धरलाय, दरवर्षीचा वेगळा पोटआराखडा जोडून. त्यात पहिली गोष्ट काय मागितली आहे बघा : दर वर्षी इयत्तावार किती मुलं असतील याचा अंदाज. शिक्षक, खोल्या, पैसे हे सगळं त्यानंतर. हा अंदाज चुकला की माझ्या खोलीसारखं होतं.

आणि हा अंदाज गावाशिवाय कोणालाच बांधता येत नाही. तुम्ही पंचायतीत जाऊन जन्मनोंदीची वही मागाल. मागू नका, फसाल. १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्म जिथे होतो तिथे नोंद होते. तुमच्या गावातली मुलं जन्मतात बांबोळीला, म्हापशाला किंवा कुठल्यातरी खासगी इस्पितळात. त्यांची नावं तिथल्या वहीत जातात. पंचायतीची वही बघितली तर गावात गेल्या पाच वर्षांत पाळणाच हलला नाही असं वाटेल. त्यापेक्षा अंगणवाडी सेविकेकडे जा. तिच्याकडे गरोदर बायकांपासून सहा वर्षांच्या मुलापर्यंत घरनिहाय नोंद असते. तुमच्या समितीवर ती नसेल तर सभेला तरी पहिली खुर्ची तिला द्या.

आता तुमचे आकडे घेऊन बसू. तुम्ही जोडलेल्या चिठ्ठीत लिहिलंय की गेल्या जूनमध्ये पहिलीच्या वयाची ९ मुलं गावात होती आणि तुमच्याकडे आली ४. पुढच्या तीन वर्षांत त्या वयाची होणारी मुलं अनुक्रमे ६, ८ आणि ५. आताची चौथीची सात मुलं बाहेर पडतील, बाकीची एक एक इयत्ता वर सरकतील. मुलं येण्याचं प्रमाण नवाला चार असंच राहिलं, तर पहिलीत येतील ३, मग ४, मग २. म्हणजे पट २२ वरून १८, मग १७, आणि तिसऱ्या वर्षी १३. आता हेच गणित गावातलं प्रत्येक मूल तुमच्याकडे येतं असं धरून मांडा : २१, २४, २३. मी दोनदा करून बघितलं, तुम्हीही करा.

तेरा आणि तेवीस. मधली दहा मुलं काही हवेतली नाहीत. ती तुमच्याच गावात राहतात, काहींची तर तुम्ही बारशी जेवली असतील. सभेत 'शाळेच्या विकासासाठी काय करावं' हा प्रश्न टाकूच नका. फळ्यावर दोनच आकडे लिहा, १३ आणि २३, आणि विचारा : ही दहा मुलं सकाळी कुठल्या बसने जातात, आणि का? पटसंख्या कमी म्हणून शाळा दुसऱ्या शाळेत विलीन करायची चर्चा आपल्याकडे अधूनमधून उठतेच. ती तुमच्या दारात यायच्या आधी हा प्रश्न गावाने स्वतःला विचारलेला बरा.

पण सभेच्या आधी मोजणी, आणि मोजणी वाड्यावाड्याने वाटून द्या. स्वयंसाहाय्य गटातल्या बायकांना सांगा; तुमच्याकडे माध्यान्ह आहार त्याच करत असतील तर त्यांना शाळेची वाट नव्याने दाखवायला नको. मी निवृत्त झाल्यावर डिचोलीकडच्या एका शाळेत आम्ही हे केलं होतं. व्हरांड्यात रांगोळीने गावाचा नकाशा काढला : देऊळ, शाळा, वाडे, रस्ता. जे मूल आपल्या शाळेत येतं त्याच्या घरावर एक काजूबी ठेवायची, जे बाहेर जातं त्याच्या घरावर चिंचोका. अर्ध्या तासात दिसलं की एका वाड्यावर नुसते चिंचोके. आम्हा शिकलेल्या लोकांची लगेच चर्चा सुरू झाली की इंग्रजीचं वेड, दुसरं काय. नातवाला सोडायला आलेली एक आजी कठड्याला टेकून उभी होती. ती खाली वाकली, वाडा आणि शाळा यांच्या मध्ये बोटाने एक रेघ ओढली आणि म्हणाली, "हांगा व्हाळ आसा. साकवाची फळी गेल्या पावसांत व्हांवून गेली." म्हणजे इथे ओढा आहे, आणि त्यावरच्या लहान पुलाची फळी वाहून गेली. शहराच्या शाळेची बस वाड्याच्या तोंडाशी येते, आपली शाळा व्हाळापलीकडे. त्या आराखड्यात वरच्या क्रमांकावर साकव आला, संगणक खाली गेला. साकव शिक्षण खात्याच्या अखत्यारीत नाही, म्हणून तो ठराव पंचांनी ग्रामसभेत मांडला.

इंग्रजीचं वेड नसतंच असं मी म्हणत नाही. आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट वयाची आहे. शहराची शाळा मुलाला तिसऱ्या वर्षी केजीत घेते आणि मूल तिथेच रुळतं. तुमची शाळा त्याला सहाव्या वर्षी हाक मारणार, तोवर मैत्र्या, गणवेश, बसचा काका, सगळं जमून गेलेलं असतं. नव्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच टप्पा धरलाय आणि गोव्यात त्याची सुरुवात २०२३-२४ पासून झाली. म्हणून पहिलीत येणाऱ्या मुलाच्या घरी जाऊ नका, उशीर झालेला असतो. तीन वर्षांच्या मुलाच्या आईकडे जा. अंगणवाडी आणि शाळा एकाच आवारात आणता येईल का, हा तुमच्या आराखड्यातला खरा प्रश्न असू शकेल. तो असेलच असं मी इथे बसून सांगणार नाही. तुमचे चिंचोके कुठे पडतात ते बघा.

वेळेचं म्हणाल तर नियमाने पाहता आर्थिक वर्ष संपायच्या तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर, आराखडा तयार हवा. चतुर्थी झाली की मोजणीला लागा. पावसात कोणी फिरणार नाही आणि काजूच्या हंगामात कोणी घरी सापडणार नाही. सभा रविवारी ग्रामसभेच्या दिवशी लावू नका. आणि आराखडा गेला की वर्षाने, काय मंजूर झालं, काय नाही आणि का, हे शाळेच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावा. नामंजूर झालेलं आधी लिहा. पुढच्या सभेला माणसं येतील ती त्या कागदामुळे.

प्रश्न : आमच्या पेडणे तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कूलच्या संस्थेने पुढच्या दहा वर्षांचा आराखडा केला आहे. पालक-शिक्षक संघाच्या सभेत तो पडद्यावर दाखवला, टाळ्या झाल्या, चहा झाला. मैदानाच्या अर्ध्या भागावर नवी तीन मजली इमारत दाखवली आहे. आम्ही काही पालकांनी हात वर केला तर 'आता सगळं ठरलंय, तुमच्या भावना पोहोचवू' असं उत्तर मिळालं. आम्हाला काही हक्क आहे की नाही?
– पालक-शिक्षक संघाचा एक सभासद, पेडणे

उत्तर : कायद्याच्या अंगाने थोडाच आहे, तेव्हा त्या भरवशावर राहू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने अनुदानित शाळांमधल्या समितीचं काम फक्त सल्ल्यापुरतं ठेवलं, आणि विकास आराखडा करण्याची सक्तीही त्या शाळांवर नाही. त्यात हा कायदा आठवीपर्यंतचा.

तरी एक धागा मजबूत आहे. त्याच कायद्याच्या परिशिष्टात शाळेला खेळाचं मैदान हवं असं स्पष्ट लिहिलंय. अर्धं मैदान गेल्यावर उरतं ते मैदान की गाड्या उभ्या करायची जागा, हे संस्थेने मोजून दाखवावं. खडूने रेघ मारा आणि पी.टी.च्या तासाला एक वर्ग त्या रेघेच्या आत उभा करून बघा. मी तर मुलांना खो-खो खेळायला लावीन.

दुसरं, भावना पोहोचवू नका, आकडा मागा. तीन मजले कोणासाठी? संस्थेचे लोक बहुधा म्हणतील की मोपाचा विमानतळ आला, वस्ती वाढणार. विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू आहे. मग त्यानंतर तुमच्या पाचवीत किती मुलं वाढली? विमानतळावर नोकरी करणारा माणूस कुटुंब घेऊन पेडण्यात राहायला आला की म्हापशाहून ये-जा करतो? हे संस्थेला माहीत नसेल, तुम्हालाही नसेल. पण पाचवीत मुलं ज्या प्राथमिक शाळांतून येतात तिथल्या मुख्याध्यापकांना इयत्तावार पट माहीत असतो. चार-पाच शाळा असतील. एका शनिवारी दोन पालक दुचाकीवर फिरले तर पुढच्या चार वर्षांचा अंदाज हातात येतो. तो कागद घेऊन संस्थेच्या अध्यक्षांना भेटा. चौघेच जा, आणि त्यांच्या घरी जा. सभेत माघार घेणं कोणालाही जड जातं.

संस्थेने शिक्षण खात्याला दिलेले कागद २००५ च्या माहिती अधिकाराखाली खात्याकडे मागता येतात. ते शेवटचं ठेवा. एकदा तो अर्ज गेला की चहा बंद होतो. एक गोष्ट मात्र लिहूनच मागा : कुठले पर्याय विचारात घेतले आणि का सोडले. जुन्या इमारतीवर मजला चढवता येतो का, शाळा दोन पाळ्यांत भरवणं परवडतं का, शेजारच्या शाळेची प्रयोगशाळा वापरता येते का. एकच पर्याय दाखवला असेल तर तुम्हाला विचारलं नव्हतं, कळवलं होतं.

प्रश्न : मी फोंडा तालुक्यातल्या औद्योगिक वसाहतीजवळच्या सरकारी शाळेत शिक्षिका आहे. नोकरीला तीनच वर्षं झाली. आमच्या पटावरची निम्म्याहून जास्त मुलं बाहेरून आलेल्या कामगारांची. आराखड्याच्या बैठकीत गावातले सभासद म्हणाले, "ती आज आहेत, उद्या नाहीत, त्यांना कशाला धरायचं?" मी नवीन, काही बोलू शकले नाही.
– एक शिक्षिका, फोंडा

उत्तर : टीचर, ज्यांच्या जिवावर शाळेचा पट उभा आहे त्यांनाच आराखड्यातून वगळायचं, हा हिशेब मला कळला नाही. तुमच्या शाळेत ६१ वं मूल आलं की शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे तिसरा शिक्षक लागतो, ६० पर्यंत दोनच. ते ६१ वं मूल ओडिशाचं की कुंडईचं, हे परिशिष्ट विचारत नाही. पुढच्या बैठकीत आवाज न चढवता एवढंच वाचून दाखवा. वंचित घटकांतल्या पालकांना समितीत त्यांच्या प्रमाणात जागा द्यायची हेही कलम २१ मध्येच आहे. तुमच्या समितीत त्यांतला एक तरी पालक आहे का?

'आज आहेत, उद्या नाहीत' यात थोडं तथ्य आहे. पण जातं ते एक कुटुंब, खोली रिकामी राहत नाही. म्हणून तुमच्यासारख्या शाळेत मुलं न मोजता खोल्या मोजायच्या. भाड्याच्या खोल्यांचे मालक गावातलेच, बहुधा तुमच्या बैठकीत 'कशाला धरायचं' म्हणणारेच. कुठल्या खोलीत किती वर्षं कोण राहिलं, कुठला कारखाना नवी शेड बांधतोय, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांना मोजणीच्या कामाला लावा. वर्षाच्या मध्येच दाखल होणाऱ्यांसाठी आराखड्यात वेगळी ओळ ठेवा. वयाचा दाखला नाही म्हणून किंवा उशिरा आलं म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, तेव्हा ती मुलं येणारच.

आयांना शाळेत बोलावलंत तर एका दिवसाची मजुरी बुडेल, त्या येणार नाहीत. तुम्हीच खोल्यांच्या ओळीत जा, संध्याकाळी सातनंतर. हिंदी चालेल, कानडी येणारं चौथीतलं एखादं धीट पोर बरोबर घ्या. आणि नळाला पाणी किती वाजता येतं ते आधी विचारून जा. त्या अर्ध्या तासात तिथे तुमच्याशी कोणी बोलणार नाही.